भिंतीपलीकडचा बॉयलर

पुणे, १२ मे २००८

ती. स्व. सावळीरामकाकांना साधनाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनानं जोडता, म्हणून पत्र. आपल्या खोक्यांच्या कंपनीला परदेशी गिऱ्हाईकानं विचारलंय, वर्षाला धूर किती सोडता आणि कमी कधी करणार. हेड ऑफिसात हे काम माझ्या गळ्यात पडलंय. नाशिकच्या कारखान्यातून साहेबांनी आकडा पाठवलाय, बॉयलरचा धूर शून्य. तीस वर्षं तुम्ही ज्याच्यापुढे उभे राहिलात, तो बॉयलर गेला कुठे?

काकूंना नमस्कार. लोभ आहेच, तो कमी करू नये.

तुमची साधना

नाशिक, १९ मे २००८

चि. साधनास अनेक आशीर्वाद.

बॉयलर जागचा हललेला नाही, भिंत हलली. आधी कंपनीची भिंत त्याच्या पलीकडे होती, मार्चात नवी बांधली ती अलीकडे. आता बॉयलर यादव ठेकेदाराच्या नावावर आहे आणि वाफेचा पाइप भिंतीतल्या भोकातून आत येतो. धूर ठेकेदाराचा, वाफ कंपनीची. भिंत पुरी झाली त्या दिवशी साहेबांनी नारळ फोडून पर्यावरणावर भाषण केलं, पेढे मलाही मिळाले.

ठेकेदाराला जाणता माणूस हवा होता, म्हणून मला पुन्हा बोलावलं. रिटायर होऊन घरात बसलो तर तुझ्या काकूच्या स्वयंपाकात चुका काढण्याखेरीज धंदा नव्हता. आता पुन्हा माणसांत आलोय. फार बरं वाटतं.

जेवणखाण वेळेवर कर. माया आहे ती वाढो.

सावळीराम

पुणे, २ जून २००८

ती. स्व. काकांना शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसले आणि मग रडू आलं. आमच्यासाठीच वाफ करणाऱ्याचा धूर आमच्याच अहवालात धरायचा, असं गिऱ्हाईकाच्या फॉर्मात लिहिलंय. साहेबांना फोन केला तर म्हणाले, मुलींनी भिंतीपलीकडे डोकावू नये. तरी मी बॉयलर लिहिला.

पण रोज दोन टनांहून जास्त कोळसा खाणारा बॉयलर दिवाळीपर्यंत बंद करून गॅसचा बसवायची गिऱ्हाईकाची अट आहे, आणि तो आपोआप चालतो, माणूस लागत नाही. म्हणून मी सव्वा टन लिहिलंय. तुमचं काम टिकेल. साहेबांना हा आकडा फार आवडला. माझ्यात आता कंपनीचे गुण दिसू लागलेत म्हणाले. अहवाल सोमवारी, सोळा तारखेला जाईल. मला मात्र स्वतःची लाज वाटते.

रागावू नका, जीव लावता तसाच लावा.

साधना

नाशिक, ९ जून २००८

चि. साधनास आशीर्वाद.

रागावलो आहे. सव्वा टनात दोन पाळ्यांची वाफ काढणारा माणूस जादूगार तरी असेल नाहीतर चोर, आणि मला दोन्ही म्हणवून घ्यायचं नाही. रोज अडीच टन जातो. शेजारच्या मळ्यातल्या निवृत्तीची मेथी काजळीनं काळी पडते, पंचवटीच्या बाजारात गिऱ्हाईक ती नखानं खरवडून बघतं. ते मला लागतं.

तू माझ्यासाठी केलंस, ते वाचून डोळे भरले, खोटं कशाला सांगू. पण साहेबांनी भिंत सरकवली आणि तू आकडा सरकवलास, मग पोरी, आपल्यात नि त्यांच्यात फरक काय राहिला?

सोबत माझ्या लॉगबुकाची, रोजच्या कोळशाच्या नोंदीची पानं आहेत, प्रत्येकावर माझी सही. तशीच्या तशी अहवालाला लाव, सोमवारच्या आत. दिवाळीनंतर काम राहणार नाही हे तुझ्या काकूला अजून सांगितलेलं नाही. एकट्याला धीर होत नाही. तू ये, दोघं मिळून सांगू.

रागातही लोभ तोच, हे ओळखून असावे.

सावळीराम