मनावरचा ताण आणि साडेतीनशे मेंढरं

॥ बिरोबाच्या नावानं चांगभलं ॥

तीर्थस्वरूप मंगलअक्कास,

धाकट्या सूरजचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. दाजींना कडक सलाम (फौजेतून येऊन बारा वर्षं झाली, तरी ते अजून पहाटे पाचला सगळ्या आळीला उठवतात का?). तुझे गुडघे कसे आहेत? साताऱ्यात थंडी पडली असेल, तेल लावत जा. इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. फक्त माझ्या मनावर ताण आहे, असं नुकतंच कळलं.

कसं कळलं ते सांगतो. गेल्या मंगळवारी कवठे महांकाळहून समुपदेशनवाल्या मयूरी मॅडम आल्या आणि समाजमंदिरात 'सणासुदीचा ताण आणि शेतकरी कुटुंब' यावर दीड तास बोलल्या. बाई आमच्याच घरात राहून गेल्यागत बोलत होत्या. शाळूची पेरणी अर्धी, डाळिंबाची फवारणी राहिलेली, घराला रंग द्यायचा, फराळ करायचा, पाडव्याला बकरी बुजवायची म्हणून मेंढरं धुऊन रंगवायची (मेंढरांनाच आम्ही बकरी म्हणतो आणि सणाला रंगवून, बुजवून पळवतो, हे मॅडमना समजावता समजावता माझाच ताण वाढला), आणि हे सगळं एकाच आठवड्यात उरकून वर हसतमुख दिसायचं. मॅडमनी विचारलं, दिवाळीत कुणाकुणाच्या घरी चिडचिड होते? बायकांनी झटकन हात वर केले. पुरुषांनी आधी बायकोकडे बघितलं, मग केले.

मग त्यांनी उपाय सांगितले. पहिला, 'नाही' म्हणायला शिका. हा दीपमालानं घरी पोचायच्या आत शिकून घेतला. "यंदा म्या चकल्या करनार न्हाई," म्हणाली. मी म्हटलं, अगं, सण आहे. तर म्हणाली, "मॅडमनीच सांगितलंया." शेवटी सोऱ्या घेऊन मी बसलो. अक्का, माझी एकही चकली वळली नाही. त्या तुकड्यांना यंदा शेव म्हणायचं असं घरात ठरलं आहे. दुसरा उपाय, दिवसातून तीनदा दीर्घ श्वास. पाठीवर फवारणीचा पंप असताना तो घेऊ नये, एवढं मात्र त्या सांगायला विसरल्या. तिसरा, रोज अर्धा तास चालायचं. दिवसभर रानात चालतो ते यात धरत नाहीत म्हणे, मोकळ्या हातानं चाललेलंच धरतात. म्हणून मी रोज संध्याकाळी फाट्यापर्यंत जाऊन येतो. बरं वाटतं.

घोळ झाला तो चौथ्या उपायानं. उघड्या माळावर जाऊन मोठ्यानं ओरडा, मनातलं सगळं बाहेर पडू द्या, असं मॅडम म्हणाल्या होत्या. परवा दिवस कलताना मी आपल्या टेकाडावर गेलो. तिथं गेल्यावर काय ओरडावं तेच सुचेना. शिव्या द्याव्यात तर समोर कुणी नाही. डोळे मिटले, तोंड उघडलं, आणि अक्का, तोंडातून आईची हाळी बाहेर पडली. तीच, आई त्या टेकाडावरून द्यायची ती. मेंढरांना वेगळी आणि पोरांना वेगळी अशी हाळी आपल्या आईकडं नव्हतीच. एका हाळीत कळप यायचा आणि आपण दोघंही यायचो. तू कायम माझ्या आधी पोचायचीस आणि मला वाकुल्या दाखवायचीस. आई जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून ती हाळी कुणी दिली नव्हती.

पण म्हाताऱ्या मेंढ्या विसरल्या नव्हत्या. दिवाळीसाठी सगळे कळप गावात परतलेले. म्हाताऱ्या पळाल्या तशी तरणी पळाली (एक मेंढरू पळालं की बाकीची का म्हणून विचारत नाहीत), आणि साडेतीनशे मेंढरं आपल्या नव्यानं सारवलेल्या अंगणातून, वाळत घातलेल्या गोधड्यांवरून, माझ्या शेवेच्या परातीतून थेट टेकाडावर. मागनं काठी घेऊन कळप राखणारे अर्जुनातात्या धापा टाकत. "आरं सूरज, येडा झालास काय रं? कशापायी बोलावलीस बकरी?" मी म्हटलं, तात्या, ताण घालवतोय. "तुजा गेला असंल गड्या, माझा आला की!"

तात्यांनी हाकलली तरी मेंढरं हलेनात. हाळी दिलेली, म्हणजे आता पुढं काहीतरी मिळणार, अशी बघत उभी. मी त्यांच्यातच खाली बसलो आणि रडलो. खोटं कशाला सांगू. साडेतीनशे आली गं, अक्का. जिच्यासाठी हाळी निघाली होती तेवढी आली नाही.

असो. सगळं ठीक आहे. उत्तराची घाई नाही.

तुझा धाकटा,
सूरज

ता. क. १. गेल्या दिवाळीत मी फोनवर बोललो होतो, की तू आलीस की दीपमालाचं काम वाढतं, नाही आलीस तरी चालेल. तेव्हा पेरणीयंत्र मोडलं होतं. मॅडम म्हणतात, सणात माणूस भलतीकडचा राग जवळच्यावर काढतो. यंत्र दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झालं. तू काही आली नाहीस. चूक माझी होती.

ता. क. २. यंदाही जमलं नाही तर माझा आग्रह नाही. पाट धुऊन ठेवला आहे, तो काय कुठंही लागतो. अक्का, भाऊबीजेला ये.

ता. क. ३. वन्सं, म्या दीपमाला. पत्र टाकायच्या आदी वाचलं. काम वाढतंय असं म्या कवाच म्हनलं नव्हतं. आन ते चालन्याचं खरं मानू नगा. साताऱ्याची एस्टी साडेपाचला फाट्यावर येती, तवाच ह्ये जात्यात. समदी मानसं उतरली की माघारी येत्यात. मॅडम आल्या गेल्या मंगळवारी. ह्ये गेल्या दिवाळीपास्नं जात्यात.