तीन नंबरचं पिस्तूल

३ मार्च
तीन नंबरच्या पिस्तुलाने आज पुन्हा दगा दिला. अख्ख्या नेमबाजी क्लबसमोर. रिकामं काडतूस बाहेर उडायचं सोडून वरच्या फटीत धुराड्यासारखं उभं. शेजारच्या लेनमध्ये साडू, दातांचा डॉक्टर. त्याचं सात नंबर एकदाही अडकलं नाही. परतताना गाडीत म्हणाला, "साडूभाऊ, पिस्तूल ठीक आहे हो. मनगट ढिलं पडतंय तुमचं."
मागे दोघी बहिणी बसल्या होत्या. दोघीही हसल्या. हीसुद्धा.
बदला घेणार. शांतपणे, पण घेणार.

४ मार्च, सकाळी
कोच मास्तरांकडे पिस्तुलाची तक्रार केली. त्यांनी उलट मलाच धडा दिला. गोळी सुटली की वरचा भाग, म्हणजे स्लाईड, मागे जाते, रिकामं काडतूस फेकते, पुढे येताना नवी गोळी आत ढकलते. पण खालचा भाग हाताने रोखला तरच. हात ढिला, तर अख्खं पिस्तूलच मागे झुलतं आणि स्लाईड अर्ध्या वाटेत थांबते.
ऐकून घेतलं. हे सर्वसामान्य लोकांसाठी असावं. माझी पकड ढिली नाही, हळुवार आहे. कलावंताची.

७ मार्च
नगरपालिकेच्या ऑफिसात साहेब बोलले. माझे शिक्के अर्धेच उमटतात म्हणे. पॅड सुकलाय, हे त्यांना कोण सांगणार? मीच सांगितलं. म्हणाले, मागच्याच आठवड्यात नवा दिला होता. हल्ली मालच तसा येतो, त्याला मी काय करणार?

१० मार्च
क्लबच्या टीममध्ये एकच जागा उरली आहे. रविवारी चाचणी. मी किंवा साडू. साडू गेला तर सासरेबुवा जेवताना वर्षभर तोच विषय काढणार. आणि मला भाजी वाढायचंही विसरणार.
संकल्प: रोज मनगटाचा व्यायाम.

११ मार्च
व्यायाम केला. मनगट दुखलं. थांबवला. चाचणीआधी इजा नको.

१२ मार्च
डोक्यात वीज चमकली. तीन नंबर साडूच्याच गळ्यात मारायचं! फोन करून मोठ्या मनाने म्हटलं, चाचणीत पिस्तुलं बदलू, माझं तुम्ही घ्या, तुमचं मी घेतो, होऊ दे दूध का दूध. तो म्हणाला, चालेल की. बिचारा. जरा वाईटही वाटलं. पाच मिनिटं.

१५ मार्च, रविवार
तीन नंबर त्याच्या हातात सुतासारखं सरळ चाललं. एकदाही अडकलं नाही. माझ्या हातात सात नंबर तिसऱ्याच गोळीला अडकलं. मग सहाव्या. मग मास्तर स्वतः येऊन म्हणाले, राहू द्या आता.
निष्कर्ष: क्लबच्या कपाटात तीनच्या शेजारी ठेवून सातही बिघडलं. संसर्ग.
टीममध्ये साडू.
घरी आल्यावर मी कपाट या विषयावर बरंच बोललो. हिने सगळं ऐकलं, मग माझा हात हातात घेतला. म्हणाली, "लग्नातही माझा हात तुम्ही असाच धरला होता. मीच घट्ट धरला, म्हणून टिकलं."
विषय पिस्तुलाचा चालला होता. बायकांना मुद्दा धरून बोलता येत नाही.
हात मात्र तिने बराच वेळ सोडला नाही.

१९ मार्च
देव आहे. साडूच्या नव्या दवाखान्याच्या पाटीचा अर्ज माझ्याच टेबलावर आला! पाटी नियमापेक्षा चार बोटं रुंद. इतरांच्या बाबतीत आम्ही चार बोटांकडे बघत नाही. आज बघितलं. 'नामंजूर'चा शिक्का उचलला. तो उठवताना जो आनंद झाला, तो कुठल्याही चाचणीत झाला नसता. वळूनही न बघता अर्ज पुढे पाठवला. मोठी माणसं वळून बघत नाहीत.

२० मार्च
फार दिवसांनी शांत झोप लागली. मुद्दाम ऑफिसच्या वाटेवर त्याच्या दवाखान्यावरून गेलो. दारावर मोकळी भिंत. सुंदर भिंत.

२६ मार्च, दुपारी
आत्ता साडू ऑफिसात येऊन गेला. सगळ्यांसमोर माझा हात दोन्ही हातांत धरून गदागदा हलवला. म्हणाला, "साडूभाऊ, पाटी चार बोटं जास्त होती, मला वाटलं गेला अर्ज. पण तुम्ही सांभाळून घेतलंत. शेवटी आपली माणसं ती आपली."
अर्जाची प्रत दाखवली. माझाच शिक्का. 'मंजूर' स्वच्छ, ठसठशीत. डावीकडचा 'ना' उमटलाच नव्हता.
रविवारी पाटीचं उद्घाटन. फीत मीच कापायची, असा त्याचा आग्रह आहे. हीसुद्धा खूश. म्हणाली, तुम्ही मनाने किती चांगले आहात ते मला माहीत होतं.
हात अजून दुखतोय.
साहेबांकडे नवा पॅड मागितला आहे.