आज माझा वार नसतानाही बागेवर

ताई,

माझं अंथरूण रिकामं दिसलं म्हणून घाबरू नकोस, आणि आईला कामावर फोन करून तिलाही घाबरवू नकोस. मी बागेवर गेलोय. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून दर आठवड्याला तू मला ओढत नेतेस ना, तिथेच. आज माझा वार नाही, माहितीये.

वाऱ्याने तिथल्या रोपांवरची जाळी फाटली. सकाळीच माळीकाकांचा फोन आला. "तुझी वांगी उघडी पडलीत रे. ऊन चढायच्या आत येतोस का?" एरवी मी फोन उशीखाली सारला असता. पण ती रोपं मी लावलीत, आत्ता कुठे मान वर काढतायत. "आलोच," म्हणून बसलो आणि मग मलाच धडकी भरली.

तुला उठवणार होतो, पण किती दिवसांनी तू अशी गाढ झोपलेली दिसलीस. बसने एकटाच जातोय. गोळी घेतली. बाबांचे गमबूट घातलेत, एकावर एक दोन मोजे चढवले की बसतात.

रात्री माझं ताट खोलीत आणू नकोस. मी बाहेर तुमच्याबरोबर जेवेन.

— धाकटा