रक्त भरपूर

३ नोव्हेंबर
सूनबाईंचा, रश्मीचा, रक्ताचा रिपोर्ट आला. नेहमीप्रमाणे माझ्या मोबाइलवर; घरातले सगळे रिपोर्ट मीच वाचतो. तिला तिसरा महिना. दिवसभर आडवी. ती इकडचीच, उत्तरेतली, म्हणून तिच्यासमोर आम्ही सगळे हिंदीतच बोलतो. "पापाजी, चक्कर आ रहा है." तांबड्या पेशींचा आकडा मर्यादेच्या वर, ठळक अक्षरात. म्हणजे रक्त भरपूर, माझ्यासारखंच! हिमोग्लोबिन जरा कमी, पण मोजणीच जास्त म्हटल्यावर त्याचं काय एवढं. रेल्वेच्या संशोधनात जन्म गेला, रुळांचे रिपोर्ट वाचले, हे काय अवघड? जेवताना सगळ्यांसमोर वाचून दाखवला. म्हणालो, काही झालेलं नाही, नुसते लाड. रश्मी ताट उचलून आत गेली.

५ नोव्हें.
माझ्या शब्दावर सु.ने (आमची ही) सकाळचा स्वयंपाक पुन्हा रश्मीकडे दिला. आज अमेयचा डबा भरताना ती ओट्याला धरून खालीच बसली. अमेय चिनहटला फॅक्टरीत जायचा थांबला, माझ्यावर ओरडला, "बाबा, आप डॉक्टर हो क्या?" पोटचा मुलगा. मीही काहीबाही बोललो. नको होतं.

७ नोव्हें.
सगळे डॉ.बाईंकडे. मीच त्यांना रिपोर्ट समजावून सांगायला लागलो. आठवलं की कान तापतात. त्यांनी ऐकून घेतलं. मग, "अंकल, गिनती ज़्यादा है, पर हर सेल छोटा है. हीमोग्लोबिन ही कम है." फडताळात डबे पुष्कळ, पण प्रत्येकात डाळ चिमूटभर, असं मनाशी मांडलं तेव्हा डोक्यात शिरलं. चक्कर खरी होती. खरी!

थॅलेसेमिया मायनर असावा म्हणाल्या. आईवडिलांकडून येतो, तिला एकटीला फारसं भय नाही. पण नवऱ्यालाही तेच निघालं तर बाळाला मोठा आजार होऊ शकतो, जन्मभर रक्त चढवत राहायचं. "पति की फ़ैमिली में किसी का काउंट हमेशा ज़्यादा आता है?"

सु. माझ्याकडे बघत होती. दरवर्षी माझा रिपोर्ट आला की मी मिशीवर ताव देऊन म्हणतो, आमच्या घराण्यात रक्ताला तोटा नाही. शेजारपाजारच्यांनाही सांगून झालंय. शेवटी रश्मीच खाली मान घालून म्हणाली, "पापाजी का."

१० नोव्हें.
रश्मीचं नक्की. माझंही नक्की. अमेयचं रक्त आज दिलं. माझ्याकडून त्याच्यात गेलं असेल किंवा नसेल, काही सांगता येत नाही. इतकी वर्षं जे मिरवलं ते हे. भयंकर लाज वाटते. आणि त्याच्याच जोरावर त्या पोरीला खोटं पाडलं.

माफी मागायची म्हणून गच्चीवर गेलो. ती केस वाळवत होती. तोंडातून निघालं काय, तर "मटर ले आऊँ?"
"ले आइए."
अलीगंजच्या बाजारातून मटार घेऊन आलो. आता सु. स्वयंपाक करते, मी मटार सोलतो. सु. माझ्याशी बोलत नाही. बरोबरच आहे.

१२ नोव्हें.
मेसेज आला. अमेयचा रिपोर्ट तयार. माझ्याच नंबरवर! उघडला नाही. फोन रश्मीपुढे धरला. म्हणालो, "बेटा, तुम देखो. मुझे पढ़ना नहीं आता. उस दिन मैंने तुम्हें..."

तिने फोन घेतला नाही. रागाने नाही, अगदी शांतपणे म्हणाली, "आप ही पढ़िए, पापाजी. उस दिन भी तो सबके सामने पढ़ा था."

अमेय तिच्या शेजारी येऊन बसला. सु. हात पुसत दारात.

चष्मा आणतो म्हणून आत आलो आणि हे लिहीत बसलोय. चष्मा खिशातच आहे. बाहेर कोणीतरी टीव्ही बंद केला. उठतो.