कमरेची गाठ

बाबा, पूर ओसरल्यावर आपली जमिनीखालची पाण्याची टाकी गाळाने भरली होती, तो दिवस मला नीट आठवतो. मी अकरा वर्षांची. झाकणाच्या चौकोनातून घरातली मी एकटीच आत मावत होते. पाणी उपसून झालेलं, गाळ जेमतेम गुडघ्यापर्यंत, तरी तुम्ही माझ्या कमरेला दोर बांधता. शेजारचे काका विचारतात, "टाकीत मगर हाय काय रे?" तुम्ही हसत नाही. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात टाक्या साफ करताना तुमचा हाच रिवाज होता: आत एक, बाहेर एक, मध्ये दोर. थोड्या वेळाने दोराला हिसका बसला, म्हणजे बाहेर ये. एकच कोपरा राहिलाय, मी आतून ओरडले. मी वर आल्यावर तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "बाहेरच्याशी वाद घालायचा नाय गो. हवा कमी पडली की आतल्याला आपलं डोकं फिरलेलं कळत नाय."

तुम्ही गेलात त्याला आता चौदा वर्षं झाली. मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर आहे. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवत नाही. गेल्या महिन्यात हिमालयातल्या सहा हजार मीटरच्या एका शिखरावर गेले होते. पुढच्या वर्षी सात हजारांचं करायचं, त्याची ही तयारी. इथे कमी पडले असते तर त्या संघात जागा नव्हती. दोराच्या दुसऱ्या टोकाला पोलादपूरची मैत्रीण, तिकडे शाळेत शिकवते. माथा समोर होता, फार तर अर्ध्या तासावर. दोराला हिसका बसला.

"उतरायचं," ती म्हणाली.

"मला काही झालेलं नाही."

"हे तू तिसऱ्यांदा सांगतेयस. मी एकदाच विचारलं."

मनगटावरच्या घड्याळातले नाडीचे, प्राणवायूचे सगळे आकडे ठीक होते. तरी मी वळले. तंबूत पोचेपर्यंत उलट्या सुरू झाल्या, आणि सकाळी बूट कोणी घालून दिले ते मला आठवेना. दोन दिवसांनी बरी झाले. संघप्रमुखांनी माझं नाव यादीत तसंच ठेवलं. कारण विचारलं तर म्हणाले, "वळता येतं तुला." वीर स्टेशनला उतरून रिक्षात बसले तेव्हा कित्येक दिवसांनी खांदे सैल झाले.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिता येतंय. त्या दिवशी टाकीत दोर मध्ये मध्ये येत होता, म्हणून मी तो कमरेचा सोडला होता. तुम्ही हिसका दिलात तेव्हा तो माझ्या मुठीत होता. वर येण्याआधी मी परत बांधला. तुम्ही गाठ तपासून पाहिलीत आणि समाधानाने म्हणालात, "बघ, सुटली नाय."

बाबा, ती गाठ माझी होती.