अर्जाशी संबंध नसलेला कागद

प्रिय हेल्मी,

हे पत्र डेनिसने तुझ्या हातात ठेवलं असेल तर तिच्यावर रागावू नकोस. तिने तुझा पत्ता दिला नाही, नंबरही दिला नाही. “पाकीट माझ्या नावाने पाठवा आणि आत हेल्मीसाठी बंद पाकीट ठेवा,” एवढंच म्हणाली. आत काय लिहिलंय ते तिला माहीत नाही. बाई भली आहे. कार्यालयात तुझ्या शेजारच्या खुर्चीवर असं माणूस बसतं हे कळून मला बरं वाटलं.

पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुला वाटेल म्हातारा चळला. ऑक्टोबरात खाण बंद पडली. लोखंडाचा भाव चढला की पुन्हा उघडेल म्हणतात. हे मी जन्मभर ऐकत आलोय आणि तूही ऐकलं आहेस, कारण तुझं निम्मं बालपण बेकारी भत्त्यावरच गेलं. म्हणून मला वाटलं, अर्ज कसा करायचा हे मला कुणी शिकवायला नको. आणि तिथेच मी माती खाल्ली. दर रविवारी तुम्ही भत्ता कार्यालयवाले विचारता ना, या आठवड्यात काही काम केलंत का? मी ‘हो’ म्हणालो. शेजारच्या डुएनबरोबर चर्चच्या छपरावरचा बर्फ ओढून काढला होता, पाठ मोडेपर्यंत. खोटं कशाला बोलू? झालं, भत्ता अडकला. तुझी आई म्हणाली, “देवाच्या घरचं काम देवाच्या खात्यात मांडायचं, वर्नर. सरकारला कशाला सांगत बसलास?”

म्हणून तुमच्या कार्यालयाला फोन लावला. सगळी सकाळ ते रटाळ संगीत ऐकलं, मग कर्टिस नावाच्या माणसाने उचलला. त्याने हसू दाबलेलं मला इकडे कळलं. “पगार मिळाला का, मिस्टर हौटाला? नाही ना? मग त्याला आम्ही काम म्हणत नाही.” गाठ सुटली. तिथेच सगळं संपलं असतं.

पण त्याच आठवड्यात डुएनची बायको शर्ली आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसली. त्यांचाही अर्ज अडला होता. म्हणाली, “भत्ता कार्यालयातून फोनवर तुमची हेल्मी बोलली माझ्याशी. नाव सांगितलं तिने, पण नाव कशाला हवं? शब्द चावून बोलायची तीच सवय.” तुझी आई वेलदोड्याचा पाव मळत होती. तिचे हात थांबले. “बरी आहे का?” एवढंच विचारलं आणि पुन्हा मळायला लागली. त्या दिवशी पाव असा काही घट्ट झाला की डुएन म्हणाला, हा छपरावर फेकला तर सगळा बर्फ फुटून खाली येईल.

तुमच्या भांडणात मी कधी पडलो नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. तू क्रेगला सोडलंस, तरी ती त्याला रविवारी जेवायला बोलवत राहिली, हे मलाही पटलं नव्हतं. तिचं म्हणणं, लग्न मोडलं तरी माणूस उपाशी का राहावा? तू म्हणालीस, एक तर तो या टेबलावर जेवेल, नाहीतर मी. ती हट्टी, तू तिच्याहून हट्टी. खाण तशी माती. क्रेग पुढे एका बाईबरोबर डकोटाला निघून गेला, जाताना साधा निरोपही घेतला नाही. तेव्हा तुझ्या आईने त्याची खुर्ची तळघरात नेऊन ठेवली आणि म्हणाली, “फुकट गेलं माझं रविवारचं सगळं रोस्ट.” मी म्हटलं, आता पोरीला कळव. पण तोवर तुझा नंबर बदलला होता.

डिसेंबरात तुझ्या आईला अन्न जाईना. डुलुथच्या डॉक्टरांनी स्वादुपिंडाचा कॅन्सर सांगितला आणि उपचाराचं नाव काढलं नाही, त्यावरून आम्ही काय ते समजलो. परतताना गाडीत तिने पट्टा लावून घेतला. मग म्हणाली, “वर्नर, मला तिचा आवाज ऐकायचाय.” भेटायचंय म्हणाली नाही. तेवढं मागायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटत असावं.

तेव्हापासून मी तुमचं सगळ्यात त्रासदायक गिऱ्हाईक झालो. तिला एकटं टाकून राजधानीत तुमच्या कार्यालयापर्यंत गाडी हाकणं शक्य नव्हतं, आणि फोन कुणाच्या कानाला लागेल ते आपल्या हातात नसतं. म्हणून रोज नवा प्रश्न शोधायचा. बर्फाला भोक पाडून धरलेले मासे शेजाऱ्याला दिले तर ते उत्पन्न धरायचं का? त्याने बदल्यात बटाटे दिले तर? कर्टिस तर आवाजच ओळखायला लागला. “आज कोणता मासा, मिस्टर हौटाला?” एकदा त्याला म्हटलं, बाबा रे, तिकडे हेल्मी नावाची मुलगी आहे, तिला जरा फोन दे. तो एकदम सरळ झाला. इथे कोण काम करतं ते सांगता येत नाही, सर. मग मी तुझ्या नावाने कार्यालयाच्या पत्त्यावर पत्र टाकलं. आई आजारी आहे, फोन कर, एवढंच. त्यावर सरकारी उत्तर आलं ते मलाच: आपण पाठवलेला कागद मिळाला, आपल्या अर्जाशी त्याचा संबंध नसल्याने कोणतीही कारवाई केलेली नाही. तुझी आई ते वाचून पोट धरून हसली. मग दुखायला लागलं म्हणून थांबली.

आणि फेब्रुवारीत फोन तू उचललास. आठवतं तुला? मी फोन तिच्या उशाशी मोठ्या आवाजावर लावून ठेवायचो, ती डोळे मिटून संगीत ऐकत पडायची. “नमस्कार, मी हेल्मी, काय मदत करू?” तिने डोळे उघडले. मी नाव सांगितलं. पुढे बोलायला तोंड उघडलं तर तिने माझं मनगट धरलं. तिला मध्ये माझा आवाज नको होता. मग तू म्हणालीस, “सर, नातेवाइकांच्या अर्जाला मला हात लावता येत नाही. तुम्हाला माझ्या सहकाऱ्याकडे देते. लाइनवर राहा.” आणि पुन्हा ते संगीत. तिने खूण केली, मी फोन ठेवला.

मला राग आला, हेल्मी. बापाला ‘सर’ म्हणालीस त्याचा आला, आणि मनगट धरणाऱ्या तिचा त्याहून जास्त आला. पण ती म्हणाली, “नियमाने वागली ती. बरोबर केलं.” थोड्या वेळाने म्हणाली, “सर्दी झालीय तिला. टोपी घालत नसणार.” संध्याकाळपर्यंत हेच चाललं होतं. शर्ली सूप घेऊन आली तर तिलाही सांगितलं, हेल्मीशी बोलणं झालं, सर्दी झालीय बिचारीला. बोलणं झालं म्हणाली. मी काही दुरुस्त केलं नाही.

त्यानंतर मी पुन्हा रोज फोन लावला, तेव्हा तू लागली नाहीस. डेनिस लागली तोवर उशीर झाला होता. तिला मी काही सांगितलं नाही, कारण ही बातमी तुला परक्या तोंडून कळावी असं मला वाटेना. हेल्मी, तुझी आई गेली. तुझा आवाज ऐकला त्याच आठवड्यात, रविवारी सकाळी, मी कॉफी घेऊन आलो तेव्हा. जमीन अजून दगडासारखी आहे, कुदळ चालत नाही. आजोबांना ठेवलं होतं त्याच दफनभूमीच्या दगडी खोलीत तिला ठेवलंय. मे महिन्यात माती सैल झाली की खणतील. पास्टर तारीख मागतात. मी सांगितलं, तारीख मी देणार नाही, ती माझ्या मुलीकडून येईल. मे म्हणालीस तर मे, जून म्हणालीस तर जून. तिला अजून मातीत ठेवलेलं नाही. ती थांबली आहे.

तुझाच,
फोन आता फक्त तुझ्यासाठी मोकळा ठेवून बसलेला,
बाबा