निळा थर न देण्याबाबत

मी, वय वर्षे अठ्ठावन्न, संस्कृतची शिक्षिका, अविवाहित, डोके ठिकाणावर असताना आणि थोरला भाऊ घरात नसताना (दोन्ही एका वेळी क्वचित जुळते) हे लिहून ठेवते. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यातला मजकूर दादाचा होता, माझे फक्त अक्षर.

१. राहता फ्लॅट दादाच्या मुलीला. मागची खोली कामाची आहे. तिथे पलंग घालू नये.

२. वजनकाटा, साचे, रंगाच्या बाटल्या आणि मास्क, हे सारे आमच्या मॉडेल क्लबातल्या अशा माणसाला, जो पाण्यासाठी ओतायचे रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर वजन करून मिसळतो. अंदाजपंचे ओतणाऱ्यांनी हात लावू नये. मीही एकदा घाईने मॉडेलमधली अख्खी नदी एका दमात ओतली होती. ती तापली, धुमसली आणि पुलाखाली तडकली. तेव्हापासून पातळ थर, आणि दोन थरांमध्ये पूर्ण एक दिवस.

३. नदीचे मॉडेल. सगळे भांडण याचेच. कापड रंगवण्याच्या कारखान्यामागची आमची नदी मी सात थरांत केली: तळाला काळपट, वर कोऱ्या चहासारखी, सांडपाण्याच्या नळाशी एक जांभळी रेघ. क्लबच्या अध्यक्षांनी ती प्रदर्शनातून बाद केली. "बाई, पाणी निळं हवं हो. लोक बायकामुलांना घेऊन येतात." संस्कृतात पाण्याला डझनावारी शब्द आहेत, मी शिकवलेल्या एकातही निळेपणाची सक्ती नाही. आता माझ्या पश्चात वर एक निळा थर देऊन ती क्लबात मांडायची, असे अध्यक्षांनी आणि दादाने परस्पर ठरवले आहे. "तू गेल्यावर तुला कुठे दिसणार आहे?" इति दादा.

म्हणून सदर मॉडेल खालच्या मजल्यावरच्या मावशींना द्यावे. त्यांनी त्या कारखान्यात तीस वर्षे कापड धुतले. मॉडेल पाहायला आल्या तेव्हा कितीतरी वेळ वाकून उभ्या होत्या. मग काठावर बोट ठेवून म्हणाल्या, "मी इथं उभी राहायचे. वास तेवढा आणायचा राहिला बघा तुमच्याकडून." माझ्या कामाला मिळालेले हे एकमेव प्रमाणपत्र.

हे कलम त्यांना वाचून दाखवले.

"म्हणजे तुम्ही जाईपर्यंत मी थांबायचं? माझं वय बघा की जरा!"

मुद्दा बिनतोड. सबब कलम तीन रद्द. मॉडेल आज दुपारी खाली पोचले. ते आता माझ्या मालमत्तेत नाही, त्यामुळे निळ्या थरासाठी माझ्या मरणाची वाट पाहण्यात कोणाचाही फायदा उरलेला नाही. अध्यक्षांनी निळा रंग घेऊन जरूर यावे. दार मावशी उघडतील.

लिहून देणार: सही

साक्षीदार:
१. चौकटी करणारा सुतार (मॉडेलचे पुढचे टोक यानेच धरले)
२. शेजारच्या दवाखान्यातली नर्स (मागचे टोक, सही थोडी हलली आहे, ती ग्राह्य धरावी)

स्थळ: मागची खोली, रिकाम्या टेबलावर
दिनांक: नऊ मार्च